किल्ली द्यायची रीत नाही

आकारामआबांच्या घरात पिकअप गाडी घ्यायचे ठरले, तेव्हा ती कोणी चालवायची हेही ठरलेले होते. धाकटा मुलगा दादासो तासगावात महिनाभर जाऊन गाडी शिकून आला होता आणि लायसन त्याच्या खिशात होते. गूळ आणि हळद सांगलीच्या पेठेत न्यायची, आणि चाकांवर बसवलेले ऑइल इंजिन या विहिरीवरून त्या विहिरीवर ओढत न्यायचे, अशी गाडीची कामे होती. थोरला जोतीराम पंधरा वर्षे सैन्यात ड्रायव्हर होता आणि नुकताच पेन्शनवर आला होता. त्याच्याकडे एकच काम दिले होते, गाडी निवडायचे.

गाडी निवडून झाली की सोमवारी सकाळच्या एसटीने तो पुण्याला जाणार होता. तिथल्या एका कारखान्याने त्याला ड्रायव्हर म्हणून बोलावले होते. जायची त्याला हौस होती असे नाही. पण गावी पलूसला आल्यापासून तो जिथे हात घालायला जाई, तिथे दादासो आधीच पोहोचलेला असे. पाणी पाजायला खोरे उचलले की दादासो म्हणे, "असू द्या आण्णा, तुमी बसा." महिनाभर पाहुण्यासारखे बसून जोतीरामची पाठ दुखू लागली होती. त्याची बायको सुलाबाई हिच्या वाट्याला तो पंधरा वर्षांत वर्षातून दोन महिने आला होता. तिने फक्त एकदा, सासऱ्यांना भाकरी वाढताना, एका गाडीला दोन ड्रायव्हर लागत नसतील का, असे विचारले. आबांनी त्यावर पाणी मागितले.

आबांची अट एकच होती. जोतीरामने गाडी दाखवावी, पसंत आपण करू. पलूसपासून खरसुंडीच्या बाजारापर्यंत बैलाची पारख करायला आबांना बोलावणे येई. त्यांनी जन्मात गाडी चालवली नव्हती, पण बैल तरी कुठे चालवून बघतात, असे त्यांचे म्हणणे होते.

गुरुवारी बापलेक सांगलीच्या एका शोरूममध्ये गेले. जोतीरामने नवी पिकअप खालून, वरून, बॉनेट उघडून पाहिली आणि त्याचे मन भरले. विक्रेता देशिंगकर नावाचा तरुण होता. त्याने आबांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि गाडीचे गुण सांगायला घेतले. आबा सगळे ऐकून घेत होते. गुण संपल्यावर ते म्हणाले, "बरं. आता खोड सांगा."

"खोड?"

"लाथ मारती, बसती, उनात ओढत न्हाई... कायतरी आसंलच."

देशिंगकर हसून म्हणाला की या गाडीत खोडच नाही. कोणीही चालवावी, शिकाऊ माणसानेसुद्धा, दहा वर्षे तक्रार येणार नाही. आबांनी कप खाली ठेवला आणि धोतराचा सोगा सावरून उठले. रस्त्यावर आल्यावर जोतीरामने विचारले, तेव्हा ते म्हणाले की बाजारात जो मालक आपल्या जनावराची एकही खोड सांगत नाही, त्याच्या दावणीला थांबायचे नसते. आपल्या आज्यानेच तसे सांगून ठेवले आहे.

आजा मध्ये आल्यावर वाद संपला.

शनिवारी ते म्हसवडला गेले. तिथे बिराप्पाकडे एक पिकअप विकायला आहे, अशी खबर होती. बिराप्पाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे होती. आता कांदाही होता. मेंढरे बाजारात न्यायला त्याने मिलिटरीच्या लिलावातली जुनी पिकअप घेतली होती आणि तिच्या हौद्यात अजून लोकरीचा वास होता. आबांनी तोच प्रश्न विचारला. बिराप्पाने फेटा काढून मांडीवर ठेवला, म्हणजे उत्तर लांबणार होते.

"थंडीत उठत न्हाई. दोन तांबे ऊन पाणी वतायचं, मग हितं, हाताएवढ्या जाग्यावर लाथ घालायची. दुसऱ्या गेरात ऱ्हात न्हाई, गुडघ्यानं दाबून धरायचं. बिरेक तिसऱ्या दाबाला लागतो. डावीकडं वळली की आपलं आपण भोंगा वाजतोय. उजवं दार आतनं उघडत न्हाई. आन्‌ मानसाला वळखती. माझ्या थोरल्यानं चालवायला घेतली, तर बांधावर नेऊन घातली."

"ओढायला?"

"ओढायला वाघ."

हे बघायची रीत आबांना माहीत होती. त्यांनी एका बैलगाडीत दगड भरायला लावले, तिची दोन्ही चाके कासऱ्याने आवळून बांधली आणि गाडी पिकअपला मागे जोडली. तगड्या खोंडाची परीक्षा अशीच करतात. जोतीरामने पिकअप चालू केली. न फिरणाऱ्या चाकांची ती गाडी माळावर दोन सरळ चर पाडत पन्नास पावले ओढली गेली. आबांनी चर पावलांनी मोजले आणि बिराप्पाच्या हातावर हात ठेवला. व्यवहार झाला.

जोतीराम वडिलांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला की ही गाडी दादासोच्या हाताला यायची नाही, सांगलीचीच घेऊ. आबा म्हणाले, "हातावर हात पडला रं." त्याला आता इलाज नव्हता.

खरी अडचण निघताना आली. बिराप्पाने इंजिन चालू करून दिले, किल्ली उपसून काढली आणि कमरेच्या चंचीत ठेवली. त्या जुन्या कुलपातून किल्ली काढली तरी इंजिन चालूच राही. जोतीरामने हात पुढे केला.

"दावं कोन देतं का?" बिराप्पाने विचारले.

जनावर विकले तरी त्याचे दावे विकणारा देत नाही. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते. घेणाऱ्याने आपले नवे दावे आणायचे, ही रीत दोन्ही म्हाताऱ्यांना मान्य होती. जोतीरामने गाडीला दावे नसते, किल्ली असते, हे समजावून सांगितले. दोघांनी त्याच्याकडे, फौजेत राहून पोरगा घरच्या गोष्टी विसरला, अशा नजरेने पाहिले. मग आबांनी पिशवीतून लाल गोंड्याचा नवा कोरा दोर काढला आणि तो बंपरला बांधला. पलूस पाऊणशे-ऐंशी किलोमीटर होते. तिथपर्यंत इंजिन बंद पडू द्यायचे नव्हते.

मायणी गेली, विटा गेले. डाव्या वळणावर भोंगा वाजला की रस्त्यावरची माणसे हात करत आणि आबा सगळ्यांना उलटा नमस्कार करत. कुंडलच्या अलीकडे पेट्रोलचा काटा तळाला गेला. पंपावरच्या माणसाने पाटीकडे बोट दाखवले. इंजिन बंद केल्याशिवाय तेल मिळणार नव्हते. जोतीरामने त्याला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, हकीकत खरी असेल, पण पाटीवर तिच्यासाठी जागा सोडलेली नाही. हा वाद पाच मिनिटे चालला आणि मग इंजिनानेच निकाल दिला. पेट्रोल संपून ते बंद पडले.

आता टाकी भरली गेली, पण किल्ली म्हसवडला होती. जोतीराम काही गांगरला नाही. सैन्यात त्याने अंधारात तारा जोडून गाड्या चालू केल्या होत्या. त्याने स्टेअरिंगखाली डोके घातले. डोके वर काढले तेव्हा दाराशी एक पोलीस शिपाई सायकल धरून उभा होता.

"किल्ली कुठं हाय?"

"मालकाकडं," जोतीराम म्हणाला.

"मग तुमी कोन?"

"मालक."

शिपायाने सायकल स्टँडवर लावली. कागद बघितले तर ते बिराप्पाच्या नावाचे. हौद्यात मेंढरांची लोकर. मेंढरे कुठे आहेत, हा पुढचा प्रश्न त्याच्या तोंडावर आलेला दिसत होता. तेव्हा आबा खाली उतरले, त्यांनी शिपायाचे गाव विचारले, बैल किती ते विचारले आणि बंपरचा दोर उचलून त्याच्या हातात दिला. शिपायाने दोर निरखला. गोंडा नवा, पीळ कोरा. शिपाई शेतकऱ्याघरचा होता.

"दावं ठिवून घेतलं म्हना की त्यांनी."

"मग? रीतच हाय."

शिपायाला पटले. पण त्याने एक गोष्ट स्पष्ट केली. तारा जोडलेल्या आपण पाहिल्या तर लिहावे लागेल, आणि लिहिले तर गाडी ठाण्यात जाईल. न पाहण्याचा मार्गही उरला नव्हता, कारण त्याला पलूसलाच जायचे होते. त्याने सायकल हौद्यात टाकली आणि तो पुढे जोतीरामशेजारी येऊन बसला.

शेवटी त्यांच्याच गावचा, गुंडा नावाचा शेतकरी रिकामी बैलगाडी घेऊन पलूसकडे चाललेला भेटला. त्याने पिकअपकडे, नव्या दोराकडे आणि आबांकडे क्रमाने पाहिले.

"आबा, ही वढायला घेतली का वढून न्यायला?"

"जुंप," आबा म्हणाले.

दोन तासांनी, दिवस मावळायच्या सुमारास, वरात गावात शिरली. पुढे आबा चालत, मागे बैल, मागे बैलगाडी, तिच्या मागे पिकअप आणि पिकअपमध्ये पोलिसाशेजारी जोतीराम. गावातल्या निम्म्या लोकांना वाटले, त्याला धरून आणले आहे. वाडीवस्तीची माणसे बघायला जमली. डावीकडे घराच्या वळणावर, इंजिन बंद असतानाही, भोंगा वाजला. सुलाबाई दारात आली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. जोतीरामला उजव्या दारातून उतरता येईना. बाहेरून कुणीतरी दार उघडण्याची वाट पाहत तो तसाच बसून राहिला. पुण्याला परवाऐवजी उद्याच जाता आले तर बरे, असे त्याला वाटले.

रविवारी सकाळी जोतीरामने तारा जोडून, पाणी ओतून, लाथ घालून गाडी चालू करून दिली आणि दादासो लायसन खिशात घालून बसला. पहिल्या गेरात तो अंगणाबाहेर गेला. दुसरा गेर सुटला, तो परत घालण्यात ब्रेकचे पहिले दोन दाब गेले आणि तिसऱ्याच्या आत गाडी कडब्याच्या गंजीत कंबरेपर्यंत शिरली. दादासो पेंढ्या झाडत बाहेर आला आणि म्हणाला, ही गाडी माझ्यानं व्हायची नाही. तीन वेळा चालवली, तीन वेळा तो हेच म्हणाला.

जोतीरामने गाडी मागे घेतली, गुडघा गेरावर ठेवून गावाला एक फेरा मारला आणि आणून आबांपुढे उभी केली. त्याने स्वतःच खिडकीतून हात बाहेर काढून दार उघडले. तो चिडलेला होता.

"आबा, तुमी एवढी पारख करताय. सांगलीची गाडी सोडून ही आनली. तुमास्नी कळलं न्हाई का कंची चांगली ती?"

"कळलं की. सांगलीचीच चांगली."

"मग?"

आबा सुपारी कातरत होते. त्यांनी ती कातरून तोंडात टाकली.

"ती दादासोनं चालवली असती," ते म्हणाले.

दादासो उगाच कडब्याच्या पेंढ्या रचू लागला. मग जोतीरामने, ब्रेक आधी बघायला पाहिजे, असे कोणाकडेही न बघता म्हटले आणि तो गाडीखाली शिरला. दुपारी त्याने पुण्याला पोस्टकार्ड लिहिले. कारण म्हणून 'घरी काम निघाले आहे' एवढेच लिहिले, आणि ते खरे होते.

सोमवारी पुण्याची एसटी सहाला वेळेवर सुटली. पिकअप सुटायला साडेआठ झाले. हौद्यात गुळाच्या ढेपा होत्या आणि आदल्या दिवशीची लाथ त्या दिवशी लागू पडली नव्हती, म्हणून दादासो, गुंडा आणि दोन शेजारी मागून ढकलत होते. इंजिन चालू झाल्यावर सुलाबाईने भाकरीचे फडके खिडकीतून आत दिले. पंधरा वर्षे तिने अशीच भाकरी बांधून दिली होती आणि दर वेळी पुढच्या रजेचा महिना विचारला होता.

"सांजच्याला कवा येनार?" तिने विचारले.

जोतीरामने गुडघा गेरावर दाबला, आणि जरा विचार करून सांगितले, "दिवस मावळायच्या आत. बंद पडली न्हाई तर."

"पडंना का," ती म्हणाली. "येनार हितंच न्हवं?"