थकव्याचं न्याय्य वाटप

सर्व मुलं समान असतात, हे या शाळेचं पायाभूत तत्त्व आहे. समान असल्यामुळे ती एकमेकांत मिसळून गोंधळ होऊ नये, म्हणून वीस मिनिटांची चाचणी घेऊन त्यांना तीन वर्गांत वेगवेगळं बसवलं जातं. कोवळ्या मनांना धक्का लागू नये यासाठी वर्गांना अ, ब, क अशी क्रूर नावं न देता 'झेप', 'वाटचाल' आणि 'आशा' अशी नावं दिलेली आहेत. ('आशा' म्हणजे काय, हे मुलांना पहिल्याच दिवशी कळतं. पालकांना संध्याकाळपर्यंत कळतं.)

गणिताच्या बाई नऊ वर्षं 'आशा'त होत्या. तिथल्या मुलांना भागाकार एकदा सांगून डोक्यात शिरत नसे, म्हणून त्या वर्गाला शाळा सुटल्यावर रोज एक जादा तास होता. त्याचा मोबदला समाधानाच्या रूपात देण्याची शाळेची पद्धत होती. आठ वर्षं बाईंनी निमूटपणे समाधान घेतलं. नवव्या वर्षी त्यांचा घसा बसला तो उठेचना. बोलणं कमी केलं नाही तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा बाईंनी अर्ज केला, की जादा तास सगळ्या शिक्षकांत वाटून द्यावा, नाहीतर त्याचे पैसे द्यावेत, म्हणजे घरच्या शिकवण्या तरी बंद करता येतील.

मुख्याध्यापक न्यायप्रिय होते. न्यायप्रिय माणूस हो किंवा नाही म्हणत नाही, समिती नेमतो. अध्यक्षपद 'झेप'च्या सरांकडे गेलं, कारण वेळ त्यांच्याकडेच होता.

"बाई, तुमचं बरं आहे हो," सर पहिल्याच बैठकीत म्हणाले. "तुमच्या पोरांना काहीच येत नाही, म्हणजे शिकवायला मोकळं रान. माझी सगळी शिकवणीत शिकून येतात. ज्याला येतंय त्याला शिकवून बघा एकदा, जीव नकोसा होतो!"

बाईंनी यावर उत्तर दिलं, पण घसा बसलेला असल्यामुळे ते इतिवृत्तात आलं नाही.

नुसते तास मोजणं अशास्त्रीय आहे, यावर एकमत झालं. मोजायचा तो थकवा. थकवा मोजण्याचं यंत्र शाळेत नव्हतं (वजनकाटा होता, पण तो बंद होता), म्हणून पालकांची तक्रार हे थकव्याचं एकक ठरलं. वर्ग जितका अवघड तितक्या तक्रारी जास्त, यात खोट काढायला जागा नव्हती. सत्रभरात 'झेप'च्या एकशे बारा तक्रारी भरल्या. कुणाचा अर्धा गुण कापला होता, कुणाला पहिल्या बाकावर बसवलं नव्हतं, तर कुणाला पहिल्या बाकावर बसवून त्याचे डोळे बिघडवले होते. 'वाटचाल'च्या तीस. 'आशा'ची एकच होती, तीही नळाला पाणी नसल्याची, म्हणून ती वजा केली.

हिशोब स्वच्छ होता. सरांना थकवा-भत्ता मंजूर झाला. बाईंचा थकवा शून्य निघाल्यामुळे, समानता साधण्यासाठी, त्यांना आणखी एक जादा तास देण्यात आला.

आता बाईंना तक्रारींशिवाय गत्यंतर नव्हतं. पालकसभेला 'आशा'चे चार पालक आले. (बाकीच्यांना कामावरून सुटी मिळत नाही.) बाईंनी घोगऱ्या आवाजात त्यांना विनवलं, की माझ्याविरुद्ध तक्रार करा.

"अहो, असं काय बोलता बाई?" कपडे इस्त्री करणारी एक आई म्हणाली. "माझ्या पोराला आता दुकानात कुणी सुट्ट्या पैशांत फसवत नाही. कसली तक्रार करू?"

"कसलीही करा. फार शिकवते म्हणून करा."

"आणि तुम्हाला काढून टाकलं म्हणजे?"

"नाही काढत. दुसरं कोण घेईल हा वर्ग?"

हे पटण्यासारखं होतं. चौघांनी बाकीच्यांना सांगितलं आणि आठवडाभरात पंचवीसेक तक्रारी आल्या. सवय नसल्यामुळे त्या नीट जमल्या नव्हत्या. 'बाई फार जीव लावतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी.' 'मुलगा जेवतानासुद्धा पाढे म्हणतो, घरच्यांना त्रास होतो.'

समितीने त्यांची गंभीर दखल घेतली. 'झेप'च्या तक्रारींवरून वर्ग अवघड असल्याचं सिद्ध झालं होतं, 'आशा'च्या तक्रारींवरून बाई अवघड असल्याचं सिद्ध झालं. भत्त्याचा प्रश्न त्यामुळे आपोआप निकाली निघाला. सुधारणेची संधी म्हणून बाईंनी 'झेप'मध्ये मागच्या बाकावर बसून सरांचं अध्यापन पाहावं, असं ठरलं. त्यासाठी 'आशा'चे गणिताचे तास, जादा धरून, पुढील आदेशापर्यंत थांबवले.

'झेप'मध्ये मुलं शिकवणीचा अभ्यास करत आणि सर पेपर वाचत. कोणीच बोलत नसल्यामुळे पंधरवड्यात बाईंचा आवाज परत आला.

"सर," त्यांनी त्या आवाजात पहिल्यांदा विचारलं, "माझ्या वर्गावर कोण आहे?"

"कोणी नाही," सर पेपरातून मान वर न करता म्हणाले. "पण काळजी नको. एकही तक्रार नाही."

ही हकीकत वाचताना आपलं मूल यांपैकी कोणत्या वर्गात बसेल, हा विचार प्रत्येक वाचकाच्या मनात एकदा तरी येऊन गेला असणार. 'आशा'त बसेल, असं एकालाही वाटलेलं नाही.

तिथला पट एक्केचाळीस आहे.