तांकापाताच्या वळणावरचे फाउस्तीनो मास्तर

"आंदावायलास ते वांकायो? डोळे मिटून जाईन, व्याहीबुवा! बसची तिकिटं बाकीच्यांना पाठवा!"

फाउस्तीनो मास्तर फोनवर हे इतक्या जोरात म्हणाले, की स्वयंपाकघरात पाळलेले गिनीपिग चुलीमागे जाऊन दडले. पलीकडून व्याही पोलिकार्पो काहीतरी समजुतीचं बोलत होते: घाट, पाऊस, वय. यातला 'वय' हा शब्द मास्तरांच्या वर्मी लागला. त्यांनी फोन ठेवला आणि बायकोकडे वळून सांगितलं, "ठरलं! नेलिदाच्या लग्नाला मी मोटारसायकलनं जाणार. एकटा!"

"म्हाताऱ्या," बेनिता बटाटे सोलता सोलता म्हणाली, "पाचशे किलोमीटर आहे ते."

"सव्वीस वर्षं पेरूचा भूगोल शिकवतोय मी! त्या रस्त्यावरची वळणं मला तोंडपाठ आहेत."

"तुला आहेत. मोटारसायकलला आहेत का?"

मोटारसायकल अंगणात उभी होती. तिचं वय नेलिदापेक्षा दोनच वर्षांनी कमी. तिच्याच टाकीवर बसून नेलिदा पहिल्या इयत्तेत शाळेत गेली होती, बापाच्या दोन हातांच्या मधे, हॉर्न वाजवत. आता शनिवारी सकाळी अकरा वाजता वांकायोच्या चर्चमध्ये, आता तिकडेच राहणाऱ्या त्या लेकीचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचं होतं. आणि त्या प्रसंगाला माणसानं बसमधून, खुराड्यातल्या कोंबडीसारखं उतरावं? छे! दुसरं कारण मास्तर कुणाला सांगत नव्हते. बसमध्ये मेहुणा रूफिनो असणार होता. त्याच्याबरोबर त्याचा बारा जणांचा बँड असणार होता. आणि रूफिनोला त्याचा तो पितळी भोंगा मांडीवर घेतला की वाजवल्याशिवाय राहवत नसे.

गुरुवारी पहाटे मास्तर निघाले. निघताना बेनितानं हेल्मेट ओढून घेतलं आणि नखांच्या लाल रंगानं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: फाउस्तीनो पारियोना. खाली स्वतःचा फोन नंबर.

"हे कशाला? मी काय हरवणारं मेंढरू आहे?"

"मेंढरू एकटं जात नाही," बेनिता म्हणाली.

पहिले तीन तास अगदी स्वप्नवत गेले. चौथ्या तासाला रस्ता चार हजार मीटरच्या वर चढला, आणि मोटारसायकलला दमा सुरू झाला! वर हवा विरळ. कार्बोरेटरला श्वास पुरेना. तिसरा गियर गेला, मग दुसरा. शेवटी पहिल्या गियरमध्ये गाडी चालू ठेवून मास्तर तिच्या शेजारून चालू लागले, आजारी गाईला डॉक्टरकडे न्यावं तसे. वरून गारा सुरू झाल्या. आजूबाजूला मैलोगणती पिवळं गवत, आणि लांब मान उंच करून बघणारे लोकरीचे अल्पाका. मेंढ्या हाकत आलेली एक म्हातारी त्यांना मागे टाकून पुढे गेली!

"विकायला नेताय का?" तिनं जाता जाता विचारलं.

"लेकीच्या लग्नाला चाललोय!"

"मग हे आंदण का? बिचारी!" आणि ती मेंढ्यांसकट धुक्यात गेली.

तासभर ते असे चालले. बोलायला कुणी नाही, म्हणून गाडीशीच बोलले. आधी गोड बोलले, मग विनवण्या केल्या, मग तिच्या कारखान्याचा उद्धार केला. शेवटी चढ संपला, इंजिनात जीव आला आणि मास्तर पुन्हा बसले. गारांनी हेल्मेटची काच धूसर झालेली, म्हणून ते काढून हँडलला अडकवलं. सगळा घोटाळा इथून सुरू झाला.

तांकापाताच्या वळणावर त्या मेंढ्यांवाल्या म्हातारीचा कुत्रा उभा होता. आमच्या डोंगरातल्या कुत्र्यांना ट्रकचं काही वाटत नाही. मोटारसायकल दिसली की मात्र त्यांना सात पिढ्यांचं वैर आठवतं. तो जो सुसाट आला तो थेट मास्तरांच्या पोटरीवर! मास्तरांनी ब्रेक दाबला. मागचं चाक चिखलावरून घसरत, लांबलचक रेघ ओढत, थेट दरीच्या काठाशी जाऊन थांबलं. मास्तर वाचले. हेल्मेट मात्र हँडलवरून उडालं, काठावर एकदा आपटलं, दुसऱ्यांदा आपटलं, आणि पंधरा-वीस हात खाली एका कपारीत जाऊन बसलं. कुत्रा परत आला. मास्तरांनी हातात आलं ते फेकलं. तो त्यांचा उजव्या पायातला बूट होता! कुत्र्यानं तो हवेतच झेलला आणि मालकिणीच्या दिशेनं पोबारा केला.

खाली उतरायची मास्तरांची छाती होईना. त्यांनी उघड्या पायाला मफलर गुंडाळला, डोक्यावर लोकरीची कानटोपी ओढली आणि मान खाली घालून वळण सोडलं. मागे राहिली ती दरीच्या काठापर्यंत गेलेली चाकाची रेघ आणि खाली कपारीत, उताणं पडलेलं लाल अक्षरांचं हेल्मेट.

आयाकुचोच्या खाणावळीत पोचले तेव्हा फोन थंडीनं गार पडला होता आणि चार्जर घरी भिंतीलाच लटकत होता. मालकीणबाई म्हणाली, "माझ्या फोनवरून करा की घरी." मास्तरांनी फोन हातात घेतला. बेनिताचा नंबर त्यांना आठवेना. कधी आठवायची वेळच आली नव्हती! तो लिहिलेला होता, ठळक, लाल अक्षरांत, पण कुठे? दरीत!

"राहू दे," मास्तर म्हणाले. "पोचूनच दाखवतो."

शुक्रवारी दुपारी, वांकायो अजून तीन तासांवर असताना, समोरून दोन पांढऱ्या व्हॅन भरधाव आल्या आणि त्यांनी मास्तरांना गाडीसकट सरळ रस्त्याकडेच्या गटारात घातलं. ना थांबल्या, ना माफी. मास्तर चिखलातून उठले आणि मूठ उगारून त्यांनी त्या व्हॅनमधल्या तमाम प्रवाशांच्या खानदानाला असे काही शब्द वाहिले, की वर्गात कुणा पोरानं उच्चारले असते तर त्यांनी त्याला वर्षभर बाकावर उभं केलं असतं.

तरीही चार वाजता ते पोचले! एका पायात बूट, एका पायात मफलर, कानापर्यंत चिखल, पण पोचले! व्याह्यांच्या दारात उभे राहून त्यांनी मोठ्ठा हॉर्न दिला.

दाराला कुलूप.

समोर शेंगदाण्याची गाडी लावणारी बाई डोळे पुसत म्हणाली, "लग्नाला आला असाल तर परत जा. लग्न नाही आता. नवरीचा बाप मेला."

मास्तरांच्या हातून क्लच सुटला आणि इंजिन बंद पडलं. "कोण... कोण मेला?"

"मास्तर होता म्हणे. बसची तिकिटं देत होते तर घेतली नाहीत, मोटारसायकलवर बसून एकटाच निघाला. गेला दरीत! नुसतं हेल्मेट आणि मोबाइल नंबर मागे राहिला. अकरा वाजता सगळे निघाले तिकडे, दोन व्हॅन करून. नवरी तर इतकी रडत होती, की मला बघवेना."

दोन व्हॅन. पांढऱ्या. मास्तर मटकन पायरीवर बसले. आपण कुणाच्या खानदानाला काय काय म्हणालो ते त्यांना एकेक शब्दानिशी आठवू लागलं.

"बाई, तो मास्तर मीच!"

बाईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चिखल, मफलर, लाल डोळे. तिनं छातीवर क्रूस काढला आणि शेंगदाण्याची गाडी ढकलत ढकलत दुसऱ्या गल्लीत निघून गेली.

घराखालीच व्याह्यांचं दुकान होतं, त्याच्या पाटीवर नंबर होता. कोपऱ्यावरच्या टपरीतून मास्तरांनी तो लावला. घंटी वाजली, छान वाजली: बंद घराच्या आतच!

मग काय! मास्तरांनी गाडी उलटी फिरवली. अंधार पडेपर्यंत चालवली, कारण गाडीच्या दिव्याचा उजेड काजव्याला लाजवणारा. मग एका ढाब्याच्या बाकावर अंग टाकलं आणि उजाडताच पुन्हा निघाले. एरवी ते वाटेत नद्यांची आणि शिखरांची नावं मोठ्यानं म्हणत. आज एकही म्हटलं नाही. लेक रडतेय, आपल्यासाठी रडतेय आणि आपण तिच्यापासून चांगले दहा तास लांब, धडधाकट! इतकं वाईट त्यांना खरोखर मरूनही वाटलं नसतं. वाटेतल्या गावात चर्चचे अकरा ठोके पडले तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि टाकीवर डोकं टेकलं.

आयाकुचोच्या पुढे पंक्चर काढणाऱ्याला त्यांनी विचारलं, "तांकापाताला काही... कुणाचं काही चाललंय का?"

"चाललंय तर! कुणी मास्तर पडला वरून. काल बँडवर नुसतं रडगाणं. ट्रकवाले टोप्या काढून उभे. आज दुपारपासून मात्र नाचाची गाणी!"

"नाचाची?" मास्तरांचा आवाज चिरकला. "एवढ्यात?"

"बहुतेक नावडता असावा," पंक्चरवाला म्हणाला आणि त्यानं चाकात हवा भरली.

चारच्या सुमारास मास्तर वळणावर पोचले. आणि खरंच! रस्त्याकडेला बस, दोन व्हॅन, सात-आठ ट्रक. वरच्या तांकापाता गावाच्या चॅपलसमोर धुळीचा लोट, बँड बेभान, रूफिनो गाल फुगवून भोंग्यात जीव ओततोय, व्याही पोलिकार्पो बेनिताबरोबर नाचतायत! आणि मधोमध नेलिदा, काळ्या सुतकी ब्लाउजवर कुणाचातरी लाल भरतकामाचा घागरा घालून, केसांत रानफुलं, नवऱ्याच्या हातात हात.

बँड एकेका वाद्यानं थांबला. भोंगा सगळ्यात शेवटी.

"बाबा!" नेलिदा धावत आली. आधी तिनं बापाच्या छातीवर दोन्ही मुठींनी बुक्के मारले, मग तिथेच डोकं ठेवून हुंदके दिले, मग पुन्हा बुक्के मारले. मास्तरही रडले. चिखल ओला होऊन लेकीच्या गालाला लागला.

"मला वाटलं लग्न मोडलं," मास्तर म्हणाले.

"मोडलंच होतं!" आता बेनिता पोचली होती. "काल सकाळी तो ट्रकवाला फोनवर म्हणतो, बाई, तुमच्या मिस्टरांचं हेल्मेट सापडलंय. म्हटलं, आणि मिस्टर? म्हणतो, ते अजून खाली असतील! लग्नाची बस तशीच इथे आणली आम्ही. दिवसभर माणसं दोर लावून दरीत शोधतायत. रूफिनो स्वतः उतरला, एवढ्या पोटाचा! रात्री ही मंडळी आली. आज सकाळी फादर आले अंत्यविधीला, गावानं दोन मेंढ्या कापल्या सुतकाच्या जेवणाला. आणि बँड ऐकून ती म्हातारी खाली आली. तिच्या कुत्र्याच्या तोंडात तुझा बूट! म्हणते, हा? हा कुठला मरतोय! शिव्या देत गेला की परवा, एका पायात बूट घालून!"

"मग?"

"मग काय! फादर म्हणाले, मी खेचरावरून एवढा वर आलोय, काहीतरी एक विधी करूनच जाणार. लग्नाचे कागद व्याह्यांच्या खिशात होते, बँड होता, जेवण होतं, माणसं होती. घागरा म्हातारीनं दिला. लावलं लग्न. अकराला म्हणजे अकराला!"

मास्तरांना जे विचारायचं ते विचारवेना, शेवटी विचारलं. "हिचा हात... वेदीपर्यंत हात कुणी धरला?"

रूफिनोनं भोंगा हळूच पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला, पण तो भोंगा लपण्यासारखा नव्हता.

"दाजी," तो म्हणाला, "तुम्ही नव्हता ना."

"पण मी वेळेवर पोचलो होतो!" मास्तर ओरडले. "काल चार वाजता! एकोणीस तास आधी!"

"कुठे?" बेनितानं विचारलं.

नेलिदानं त्यांचा हात धरून त्यांना नाचात नेलं. अनवाणी पायाला खडे टोचत होते, तरी ते तीन गाणी नाचले. आणि तिसऱ्या गाण्यात त्यांचा चेहरा जरा माणसासारखा दिसू लागला. मग त्यांची नजर वळणाकडे गेली. काठावर एक नवाकोरा पांढरा क्रूस उभा होता. त्यावर त्यांचं हेल्मेट, आणि खाली सुबक अक्षरांत: 'फाउस्तीनो पारियोना, मास्तर. देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो.'

"तो काढा आधी!"

"पुरलेला क्रूस उपटत नाहीत, मास्तर," गावचा सुतार दुखावल्या आवाजात म्हणाला. "फादरनी पाणी शिंपडलंय त्यावर. आणि लाकूड चांगलं आहे."

मास्तरांनी फादरकडे पाहिलं. फादर मेंढीच्या मांसाकडे पाहत होते.

तर तो क्रूस राहिला. पुढच्याच आठवड्यात एका ट्रकचे ब्रेक नेमके त्या वळणावर गेले, आणि ट्रक दरीच्या काठाशी येऊन आपोआप थांबला. झालं! ट्रकवाले तिथे मेणबत्त्या लावू लागले, नैवेद्य म्हणून कोकाची पानं ठेवू लागले. नवीन ब्रेक घातले की पहिला नवस तिथला.

जूनमध्ये मास्तर आणि बेनिता लेकीकडे निघाले. बसनं. तांकापाताच्या वळणावर ड्रायव्हरनं गाणी बंद केली, वेग कमी केला, तीनदा हॉर्न दिला. सगळ्या बसनं छातीवर क्रूस काढला. मास्तरांनीही काढला, न काढून सांगतात कुणाला!

शेजारच्या सीटवरची आजी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "फार जागृत आहे हो. ब्रेकना तर हमखास पावतो. पण स्वतः बिचारा बायकोचं न ऐकता एकटा निघाला, म्हणून गेला."

मास्तर काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात खिडकीशी डोळे मिटून बसलेली बेनिता म्हणाली, "अगदी खरं आहे, आजी."