फक्त काजं-बटणं राहिलीत

कारखान्यात गेली अकरा वर्षं एक वाक्य चलनात होतं: "फक्त काजं-बटणं राहिलीत." मालकांनी शर्टांची चौकशी केली, की सुपरवायझर हे वाक्य छातीठोकपणे ऐकवत; कापड अजून गठ्ठ्यातच असलं तरी. या वेळी मात्र ते चक्क खरं होतं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

शाळेतल्या मुलांचे चारशे शर्ट शनिवारी द्यायचे होते. सुपरवायझरांनी शिलाईवाल्यांच्या मागे असा तगादा लावला, की त्यांनी दुप्पट वेगाने शर्ट शिवून काढले. ते सगळे जाऊन काजवाल्या मावशींपुढे साठले. काजांचं मशीन एक, मावशी एक, आणि त्या अजून मागच्याच ऑर्डरीत अडकलेल्या. गुरुवारी सकाळी ढिगामागे मावशी दिसेनाशा झाल्या, नुसता मशीनचा आवाज येत राहिला. बाकीच्यांना पळवण्यापेक्षा दुसरं मशीन आणा, असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं. सुपरवायझरांनी तीनदा मान डोलावली होती.

मग मालकांचा फोन आला. शनिवारी माल गेला नाही, तर सोमवारपासून हा मजला माझा मेहुणा बघेल, असं ते शांतपणे म्हणाले. मेहुण्यांनी याआधी त्यांची दोन दुकानं बघितली होती. दोन्ही आता बंद होती.

सुपरवायझरांनी फोन ठेवला आणि सगळ्यांना गोळा केलं. काजांसाठी खोळंबायचं कशाला, बटणं आधी लावून टाकू, असं त्यांनी जाहीर केलं. शिलाईवाले, इस्त्रीवाले, पॅकिंगच्या बायका, सगळ्यांच्या हाती सुई-दोरा आला. खुद्द कटिंग मास्तरही कात्री ठेवून बसले.

"डोकं चालवायचं नाही," सुपरवायझर म्हणाले. "बटणं उजव्या बाजूला. बास."

कुणी डोकं चालवलं नाही. प्रत्येकाने शर्ट समोर उताणा पसरला आणि आपल्या उजव्या हाताला बटणं लावली. संध्याकाळी पाचला चारशे शर्ट पूर्ण झाले. सुपरवायझर स्वतःवर बेहद्द खूश झाले.

मावशींनी पहिला शर्ट उचलला आणि आपल्या अंगाला लावून पाहिला.

"साहेब, उजवी बाजू कुणाची? घालणाऱ्याची की बघणाऱ्याची?"

"म्हणजे?"

"घालणाऱ्याच्या डावीकडे बटणं लागलीत. मुलांच्या शर्टाला मी तिथं काजं पाडते. आता बटणावर काज पाडू?"

सुपरवायझर मटकन त्या ढिगावरच बसले. बटणं उसवून परत लावायची तर सोमवार उजाडणार, आणि सोमवारी मेहुणा उगवणार.

मावशींनी चष्मा पुसला. "मुलींच्या शर्टांना बटणं डावीकडेच असतात. त्याच शाळेच्या मुलींची ऑर्डर आहे ना पुढच्या महिन्यात? कापड तेच, मापं तीच."

सुपरवायझर ताडकन उठले. शुक्रवारी कुणालाही नवा शर्ट शिवायची मनाई झाली. एकजण मावशींच्या हातात शर्ट देत होता, दुसरा दोरे कापत होता, तिसरा खास चहासाठी होता. त्या दिवशी कारखान्यात एकही शर्ट शिवला गेला नाही, आणि ढीग मात्र पहिल्यांदाच संपला. सुपरवायझरांनी ती मोकळी फरशी स्वतः झाडून घेतली. मावशींचं ऐकायला हवं होतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

शनिवारी मालक आले, मेहुण्यांना घेऊनच. "मुलींचे चारशे तयार आहेत," सुपरवायझर ताठ मानेने म्हणाले. "एक महिना आधी." मालकांनी शाळेला फोन लावला. यंदा मुली आधी, मुलं पुढच्या महिन्यात, हे मुख्याध्यापिका बाईंना चाललं. मालक एवढे खूश झाले, की काजांचं दुसरं मशीन तिथल्या तिथे मंजूर झालं. मेहुणे घड्याळ बघू लागले.

जाता जाता मालक दारात थांबले. "आणि मुलांचे शर्ट कुठवर आलेत?"

कटिंग मास्तरांनी हळूच टेबलाखालून कात्री काढली. मावशी खोकल्या.

"मुलांचे ना?" सुपरवायझर म्हणाले. "फक्त काजं-बटणं राहिलीत."