तिसावा विद्यार्थी

शाळा बुडवणारी पोरे ओफेलियाबाईंनी सत्तावीस वर्षांत ढिगाने पाहिली होती. पण एकट्याने अख्खी शाळा बुडवायला निघालेला झॅकरी झूझ हा पहिलाच. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या दक्षिणेचे ते सरकारी हायस्कूल बत्तीसशे पोरांचे. त्या सगळ्यांचे पत्ते, गुण, वंश, घरची भाषा आणि फुकट जेवणाचे अर्ज बाईंच्याच टेबलावरून पुढे जात. आज दुपारी चारला वर्षाचा गोषवारा राज्याकडे पाठवायचा होता. आणि सकाळी नऊला बाईंना दिसले की अकरावीतल्या पॅसिफिक बेटवासी मुलांचा आकडा काल एकोणतीस होता, तो आज तीस आहे.

एका पोराने काय होते, असे कुणी म्हणेल. गटात तिसापेक्षा कमी मुले असली की राज्य त्यांच्या निकालाच्या जागी नुसती चांदणी छापते आणि गप्प बसते. तीस झाली की त्या गटाचे गणित वेगळे मोजतात, आणि या गटाची गणितात दाणादाण होती. म्हणजे लाल शेरा, म्हणजे तीन वर्षे वरून देखरेख. शिवाय लाल शेरा आला तर नोंदींचे टेबल चाळीस मैलांवरच्या जिल्हा कचेरीत हलवायचे, असे आधीच ठरले होते. बाईंच्या पेन्शनला दोन वर्षे उरली होती आणि गुडघ्यांचा तर चाळीस पायऱ्यांचाही भरवसा नव्हता.

खिडकीशी कुणीतरी खाकरले. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरची एक धिप्पाड बाई हातात कागद धरून उभी होती.

"माझ्या मुलीच्या नोंदीत चूक आहे."

"बसा हं, मिसेस टाउफा. दहा मिनिटं."

मिसेस टाउफा समोरच्या बाकावर बसल्या आणि ओफेलियाबाई मुख्याध्यापक सिल्व्हेरांच्या खोलीत शिरल्या.

"कोण हा झूझ?" सिल्व्हेरांनी यादी डोळ्यांजवळ धरली. "मी तर कधी पाहिला नाही."

"कसा पाहाल? तो नाहीच आहे, सर. नवी प्रणाली आली तेव्हा ट्रेनिंगला एक खोटा मुलगा तयार करायचा होता, तो मी केला. सगळ्या रकान्यांत खुणा करा म्हणाले, केल्या. नाव झेडवरून ठेवलं, म्हटलं यादीच्या शेवटी पडून राहील, कुणाच्या पायात येणार नाही. तो ट्रेनिंगच्या यादीतून काल रात्री राज्याच्या यादीत शिरलाय."

"आणि परीक्षा?"

"बसला नाही. न बसलेल्याला सगळ्यात कमी गुण धरतात."

"मग काढून टाका ना त्याला."

"मुलगा असा काढता येत नाही, सर. कुठे गेला ते लिहावं लागतं. शाळा सोडली लिहिलं तर ती गळती आपल्या नावावर."

सिल्व्हेरांचे बोट पडद्यावरच्या यादीत खाली खाली सरकत 'मयत' या शब्दावर थांबले.

"तो विचार मी करून झाला," बाई म्हणाल्या. "दाखला मागतात. शिवाय दहा मिनिटांत समुपदेशकांची गाडी येते आणि वर्गावर्गात पोरांना रडवते. ओळखत नसलेल्यांनाही."

उरली बदली. बाईंनी गावातल्या दुसऱ्या हायस्कुलात माई सीला फोन लावला. दोघींची वीस वर्षांची मैत्री होती.

"माई सी, माझं एक पोरगं घेशील का गं?"

"कसं आहे?"

"गरीब आहे. वर्षभरात आवाज म्हणून नाही."

"कुठलं?"

"पॅसिफिक बेटांवरचं."

"ओफेलिया, माझ्याकडे आत्ता एकोणतीस आहेत. तुझं लोढणं माझ्या गळ्यात नको बांधूस."

मग प्रणालीवाल्यांचा मदत क्रमांक. पावणेदोन तास पियानो ऐकवून झाल्यावर एक माणूस म्हणाला, "सोपं आहे. मूल आता घरी शिकणार, असं लिहा. वडलांची सही घ्या."

बाईंनी वडलांचा रकाना उघडला आणि सिल्व्हेरांना आपल्या टेबलाशी बोलावले. ट्रेनिंगच्या दिवशी जो नंबर तोंडपाठ होता तो त्यांनी घातला होता, आणि नंबरामागोमाग नावही.

"सर, रोज संध्याकाळी साडेसहाला तुम्हाला फोन येतो ना, तुमचा पाल्य आज गैरहजर होता म्हणून?"

"वर्षभर छळलंय त्यानं. तुमच्याकडे तीनदा तक्रार दिलीय."

"हो, तिन्ही फायलीत लावल्या आहेत. तो झॅकरी."

सिल्व्हेरांनी कपाळाला हात लावला. "अहो, माझं लग्नसुद्धा झालेलं नाही."

"ते विचारणारा रकाना नाही, सर. इथे सही करा."

तीन वाजून वीस मिनिटांनी त्यांनी बाप म्हणून सही केली. आकडा एकोणतीस झाला, निकालाच्या जागी चांदणी उमटली आणि सिल्व्हेरांनी सकाळपासून तसाच पडलेला डोनट उचलला. तेवढ्यात खिडकीशी पुन्हा खाकरणे ऐकू आले.

"दहा मिनिटं झाली का?" मिसेस टाउफांनी शांतपणे विचारले आणि कागद पुढे सरकवला. "सालोते टाउफा, अकरावी. वंशाच्या रकान्यात तुम्ही 'इतर' लिहिलंय. तिच्या आजीनं हे वाचलं आणि रात्री जेवली नाही. पोरगी गणितात मार खाते, ते मला मान्य आहे. पण ती इतर नाही."

सिल्व्हेरांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी ओफेलियाबाईंना कपाटाआड बोलावले.

"सोमवारी या म्हणावं. चारनंतर हवं ते दुरुस्त करू."

बाईंनी घड्याळ पाहिले. तीन चाळीस. वीस मिनिटे वेळकाढूपणा करणे त्यांना अवघड नव्हते, सरकारी नोकरीत तेवढे कुणालाही येते. चाळीस मैल डोळ्यांपुढे आले, गुडघे आले, दोन हिवाळ्यांतले सकाळचे धुके आले. भीती वाटली, आणि स्वतःचा रागही आला.

"सर, नसलेल्या पोरासाठी आपण आख्खा दिवस घातला. त्याला आई नव्हती, आणि बाप तुम्ही. या पोरीला आई आहे, आणि ती नऊपासून त्या बाकावर बसलीय."

त्या खुर्चीवर बसल्या आणि 'इतर' खोडून त्यांनी बरोबर रकान्यात खूण केली. चांदणी गेली. तीस. लाल.

"झालं, मिसेस टाउफा. आजींना जेवायला सांगा."

"त्या लाल रंगाचं काय?" मिसेस टाउफा पडद्याकडे पाहत म्हणाल्या.

"गणिताला जादा मास्तर येईल."

"मग बरंच झालं की," म्हणून त्या गेल्या.

गोषवारा चारला पाच कमी असताना गेला. सिल्व्हेरांनी उरलेला डोनट संपवला. मग त्यांचा फोन वाजला. घरी शिकणाऱ्या झॅकरीच्या वडलांनी दहा दिवसांत गणिताचा अभ्यासक्रम सादर करावा, असा निरोप होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि फोन बाईंपुढे ठेवला.

ओफेलियाबाईंनी चष्मा पुसला. "मला आता रोज चाळीस मैल जायचंच आहे, सर," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलाला वाटेत कुठे सोडायचं असलं तर सांगा."