वाईट शेजारातला शब्द

आमचा शेजारी रंगनाथ साळवे इंग्रजी शब्दाची अशी चौकशी करतो, की पोरगी उजवायला निघालेल्या बापानं लाजावं. नवा शब्द दिसला की त्याला बोटाखाली दाबून धरतो आणि पुढच्या-मागच्या शब्दांना विचारत बसतो.

"मिस्त्री, स्थळ बघायला गेल्यावर आपन पोरालाच विचारतो का, तू दारू पितो का म्हनून? शेजारीपाजारी विचारतो. शब्दाचं तसंच हाय."

मिस्त्री म्हणजे मी. भिंगारमधल्या कितीतरी भिंती माझ्या हाताच्या आहेत. शाळा चौथीत सोडली, पण ओळंबा लावल्याशिवाय मी भिंतीवर विश्वास ठेवत नाही आणि माणसावरही नाही. म्हटलं, डिक्शनरी का घेत नाहीस?

"डिक्शनरी म्हंजे मधला मानूस. दोन्हीकडं गोड बोलनार. आपल्याला नको."

लष्कराच्या डेपोत तो शिपाई होता. बदली झालेले साहेबलोक इंग्रजी मासिकं रद्दीत टाकून जायचे, ती हा घरी आणायचा. रिटायर झाल्यावर ओट्यावर गठ्ठा सोडून बसायला लागला. शब्द वाचला असं तो म्हणत नाही, भेटला म्हणतो. एकदा 'फ्युरिअस' भेटला. पुढच्या घरी हत्ती, मागच्या घरी मोडलेलं कुंपण. "चिडलेला!" असा निकाल दिला. हायस्कूलच्या मास्तरांनी बरोबर आहे म्हणून सांगितलं आणि तिथंच घात झाला. गल्लीतला बोकड फ्युरिअस, लाइटचं मीटर बघणारा फ्युरिअस, मी तर दिवसाआड फ्युरिअस.

गल्लीत केबल टीव्ही नुकताच आला होता, तेव्हाची गोष्ट. त्याच्या बायकोच्या, पारूवहिनींच्या, काखेत गाठ आली. नगरच्या दवाखान्यात ती काढली, तपासायला पाठवली. निकालाच्या दिवशी दोघं जाऊन आले, तेव्हा मी ओट्यावरच होतो. वहिनी आत गेल्या. रंगनाथ तसाच उभा. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"काय म्हनले डॉक्टर?"

"बघू," एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं इंग्रजी बंद. सकाळी बघतो तर हा नळावर हंडा लावून बायकांच्या रांगेत उभा!

"काय साळवेकाका, आज शब्द न्हाई का भेटला?" बायका हसल्या. एरवी त्यानं सगळ्यांना फ्युरिअस केलं असतं. आज हंडा उचलून सरळ घरी गेला. घरी स्टोव्ह हा पेटवायचा, चहा हा करायचा. टाक्यांमुळं वहिनींचा हात वर होत नव्हता, तर त्यांची वेणीही हाच घालायचा. ती वेणी मी पाहिली. माझ्या हाताखाली असता तर पाडून परत बांधायला लावली असती.

भिंतीला तडा गेला की वरून कितीही गिलावा करा, मला कळतं. त्याला ओट्यावर धरून बसवलं. "आता बोल."

"डॉक्टर मराठीतच सांगाय लागला हुता," तो म्हणाला. "मीच म्हनलो, स्पीक इंग्लिश, आय ॲम अ रीडर. मग त्यानं एक शब्द दिला आन् गेला दुसऱ्या पेशंटकडं. बिनाइन."

"मग?"

त्यानं एक मासिक उघडलं. एका ओळीवर बोट ठेवलं. "हा शब्द मला भेटलेला हाय, मिस्त्री. पुढच्या घरी ट्यूमर. मागच्या घरी सर्जन. पल्याड कॅन्सर. दुसऱ्या मासिकातबी हीच वस्ती. असल्या शेजारात चांगलं मानूस ऱ्हातं का?"

मी म्हटलं, "परत जाऊन डॉक्टरला विचारलंस?"

"न्हाई."

"मास्तरला?"

"न्हाई." मासिक मिटून मांडीखाली सारलं. "विचारलं की नक्की व्हतं. आन् तिच्याफुडं बोलू नको. शपथ हाय तुला."

शपथ त्यानं घातली. मी घेतली नाही. तो चहा टाकायला वळला तसा मी माजघरात गेलो. वहिनी लसूण सोलत होत्या.

"वहिनी, डॉक्टर काय म्हनले?"

"साधी गाठ हाय म्हनले की, भावजी. कॅन्सरबिन्सर काय न्हाई. नर्सबाईनं मला मराठीत सांगितलं, भिऊ नका, टाके काढाय या. ह्यांनी सांगितलं न्हाई व्हय? ह्यांच्याशी तर डॉक्टर इंग्रजीत बोलले!"

"मग हा चहा, वेणी... तुम्ही विचारलं नाही त्याला?"

वहिनींनी आवाज खाली आणला. "विचारलं आसतं तर बंद झालं आसतं."

मागं कप वाजला. रंगनाथ दारात उभा होता. चहा निम्मा बशीत सांडलेला. तो उंबऱ्यावर खाली बसला.

"बिचारा," म्हणाला.

"कोन?"

"त्यो शब्द. चांगल्या घरचा हुता. वाईट वस्तीत राह्यला म्हनून मी त्याला..."

"च्या द्या आधी," वहिनी म्हणाल्या. "निवतोय."

टाके निघाले, जखम भरली. एक दिवस सकाळी बघतो तर ओट्यावर वहिनी पुढं बसलेल्या आणि हा मागं बसून वेणी घालतोय. समोरून ऊन येत होतं, म्हणून वहिनींनी हात चांगला डोक्यापर्यंत उचलून डोळ्यांवर धरला होता. तो हात त्याच्या नाकासमोर होता.

"अरे रंगनाथ," मी म्हटलं, "हात बरा झाला की त्यांचा."

"मिस्त्री," तो वर न बघता म्हणाला, "आपल्या घरी जा. न्हाईतर फ्युरिअस व्हईन."