भीतीच्या तासाला नारळ

मुलांना बोलतं करणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ! असं मी मुलाखतीत छाती काढून सांगितलं होतं. नोकरी मिळाली, तासिका तत्त्वावर का होईना, आणि पुणं सोडून मी रत्नागिरीच्या या कॉलेजात दाखल झालो.

काम पहिल्या वर्षाचं चर्चासत्र घ्यायचं. खुर्च्या गोल मांडायच्या, सरांनी कमी बोलायचं, मुलांनी जास्त. विषय मीच निवडला होता, 'माणूस कशाला घाबरतो?' जूनपासून मी कमी बोलत होतो आणि मुलं त्याहून कमी. राजापूरकडचा स्वरूप तर हजेरीलाही नुसता हात वर करायचा.

अशात प्राचार्यांनी बोलावलं. "उद्या तुमच्या तासाला तपासणी समिती बसणार. मुलं बोलली नाहीत, तर पुढच्या सत्राचं माझ्या हातात काही नाही."

मग युक्ती सुचली. वर्गात चेंडू फिरवायचा, ज्याच्या हाती चेंडू त्याने बोलायचं. दुसऱ्या दिवशी भीतीच्या भरात चेंडूच घरी विसरलो! समिती जिना चढत होती. मी कॅन्टीनमध्ये धावलो.

"चेंडू खयसून आणू?" सोनूबाई म्हणाल्या. "ह्यो नारळ घ्या. गोलच हाय."

समितीचे अध्यक्ष मुंबईचे, सुटाबुटातले. ते बसले तेव्हा माझे पाय लटपटत होते.

"ज्याच्या हाती नारळ त्याने बोलायचं, बाकीच्यांनी प्रतिसाद द्यायचा," असं म्हणून मी समोरच्याच्या हातात नारळ कोंबला. बघतो तर स्वरूप. गेली नोकरी, म्हटलं.

स्वरूप उठला. त्याने चपला काढल्या. सगळा वर्ग चपला काढून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खा वर्ग गरजला.

पोरगा कोकणात देवळात नारळ हाती धरून घालतात तसं गाऱ्हाणं घालत होता!

"आमचे सर समितीला लय घाबरल्यात. काल खडू समजून पेनानंच फळ्यावर लिवत होते. त्यांची नोकरी कच्ची हाय, ती पक्की कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी हाताने थांब म्हणून खुणावलं, पण त्याचे डोळे मिटलेले.

"आणि जी समिती आली असंल, तिला चांगली बुद्धी दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" यातला सगळ्यात मोठा आवाज माझ्या मागून आला. अध्यक्ष बूट काढून, हात जोडून उभे होते.

त्यांचे कान लाल झाले. "आम्ही मूळचे इथलेच, लांज्याचे," बुटाची नाडी बांधत ते पुटपुटले. मग सावरून म्हणाले, "माणूस कशाला घाबरतो, हे मुलांनी उदाहरणासकट मांडलं. उदाहरण अजूनही थरथरतंय. त्यांना पाणी द्या."

नोकरी टिकली. तास सुटल्यावर मी स्वरूपला गाठलं. "इतकं बोलता येतं, मग जूनपासून गप्प का होतास?"

"सर," तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही नारळ कुठं दिला होता?"