दुष्काळाला शोभेल असे जेवण

दुष्काळ ही गंभीर बाब आहे. ती उपाशीपोटी पाहता येत नाही. म्हणूनच त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मुंबईचे एक साहेब दुष्काळ पाहायला सोलापुरात आले, तेव्हा त्यांच्या रात्रीच्या जेवणाचा प्रश्न आधी निघाला आणि दुष्काळाचा नंतर. सरकारी खर्चाने जेवणे बरे दिसले नसते. सबब कचेरीतले हेडक्लार्क भीमाशंकर यांच्या घरी 'साधेच काहीतरी' घेण्याचे साहेबांनी मान्य केले. (साधेच काहीतरी हा पदार्थ करायला दोन दिवस लागतात.)

करकंबकडच्या रस्त्याचे दुष्काळी काम चालू ठेवायचे की बंद करायचे, हे साहेब जेवून उठल्यावर ठरवणार होते. त्या कामावर भीमाशंकरची मेहुणी निंगव्वा खडी फोडत होती. तेव्हा मेनू ठरवायला घरात रीतसर बैठक बसली. शेजारी या नात्याने मीही हजर होतो. माझ्याकडे तूप होते.

भीमाशंकरची बायको चंद्रव्वा हिने पहिला ठराव मांडला. "रेशनच्या लाल मिलो जवारीची भाकरी, शेंगाची चटणी, तांब्याभर पानी. दुष्काळ बगाया आलाय न्हवं? मग ताटात बगू दे की."

"अगं, दुष्काळ गावात दाखवायचा आस्तुय," भीमाशंकर म्हणाला. "घरात न्हाय."

"पावना चटणीवर उटला तर सिद्धेश्वराम्होरं कुटल्या तोंडानं हुबं ऱ्हायाचं?" ही दुरुस्ती सासूबाई सावित्रम्मांची.

"तुमी देवाला तोंड दावा, अत्ते. माजी भन तितं दगुड फोडतीया."

चर्चेअंती दोन मेनू मंजूर झाले. दर्शनी मेनू चंद्रव्वाने सुचवलेला. राखीव मेनू असा: गव्हाची गोड हुग्गी, भरली वांगी, शेंगापोळ्या, मसालेभात आणि माझे तूप. राखीव पदार्थ वाढायचे नव्हते. ते फक्त चुलीमागे झाकून ठेवायचे होते, म्हणजे घराची अब्रू घरातच राहिली असती. (न वाढायच्या पदार्थांना तूप जास्त लागते. चव पाहणारे वाढतात.)

हुग्गी ढवळता ढवळता चंद्रव्वा गुणगुणत होती:

'भरल्या पातेल्याला झाकण गं दडपिते,
पाव्हण्याच्या नजरेला रितं ताट मी दाविते.'

साहेब आले, पाटावर बसले. त्यांनी लाल भाकरी मोडली (दोन्ही हात लागले). चटणीचा घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते चटणीने आले की करुणेने, याची नोंद ठेवण्याची सोय नव्हती.

"अरेरे," साहेब म्हणाले, "फारच हलाखी आहे हो तुमची. घरात एवढंच आहे का?"

योजना शंभर टक्के यशस्वी झाली होती. रस्ता वाचला होता. भीमाशंकरने शक्य तितके गरीब तोंड करून मान खाली घातली. सावित्रम्माही उसासल्या; तो उसासा तर बैठकीत ठरलाही नव्हता.

तेवढ्यात चंद्रव्वा पदर खोचून बाहेर आली.

"एवडंच म्हंजी? आमच्या घरनं पावना आसा जातुय व्हय? बसा. उटायचं न्हाय."

"अगं, अगं," भीमाशंकर कुजबुजला, "रस्ता..."

"रस्ता ऱ्हाऊ द्या. ताट मागं घेऊ नगा, सायेब."

मग वांगी आली, पोळ्या आल्या, भात आला. हुग्गी नको म्हणून साहेबांनी ताटावर हात आडवा धरला. तूप हातावरून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात धरले; तेव्हा सावित्रम्मांनी स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. शेवटी साहेबांनी पट्टा सैल केला, पान तोंडात घातले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "उगाच ओरड आहे हो तुमच्या भागाची. लोक खाऊनपिऊन सुखी आहेत."

सोमवारी रस्त्याचे काम बंद झाले. संध्याकाळी निंगव्वा बोचके घेऊन बहिणीच्या दारात उभी राहिली. चंद्रव्वाने रडत रडत सगळे सांगितले. निंगव्वा फोड आलेले हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

मग म्हणाली, "आक्का, हुग्गीला तूप तरी पुरलं न्हवं?"

"पुरलं की. लई झालं."

"मग बरं केलंस."

वाचक हसले असतील तर हरकत नाही. फक्त एवढे कळवावे: तुमची गरिबी तपासायला उद्या कोणी घरी आले, तर कपाटावरचे खास पाहुण्यांचे फुलाफुलांचे कप उतरवायला तुमच्याकडे स्टुलावर कोण चढते?